बाटलीचा ग्लास: कापणं सोपं, कड अवघड

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी या भागाचा मजकूर. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त "म्हणजे" आणि "ॲक्च्युअली" थोडे कमी केलेत.)

आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मागितलेला आहे. रिकाम्या काचेच्या बाटल्या मशीनवर कापून त्यांचे पाणी प्यायचे, सरबताचे ग्लास कसे करायचे. याचे तीस सेकंदांचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. दोरा गुंडाळला, पेटवला, बाटली पाण्यात बुडवली, टक्‌ आवाज आला, झाला ग्लास. मग हसरा चेहरा आणि लिंबू सरबत.

त्या व्हिडिओत एक गोष्ट कधीच दाखवत नाहीत. तो ग्लास ओठाला लावल्यावर काय होतं?

मी पेशाने सॉफ्टवेअरवाली. कोडमध्ये काही चुकलं तर मागची व्हर्जन परत आणता येते. इथे कड नीट झाली नाही तर पाहुण्याचा ओठ कापतो, किंवा काचेची बारीक कपची पाण्याबरोबर पोटात जाते. तिथे रोलबॅक नाही. म्हणून आज कापण्याबद्दल कमी आणि कडेबद्दल जास्त बोलणार आहे. दहा मिनिटांचं कापणं असतं, कडेचं काम पाऊण तास चालतं. बोलणंही त्याच प्रमाणात.

काच फुटते कशी, हे आधी

आपल्या बाटल्यांची काच म्हणजे सोडा-लाइम काच. सत्तर टक्क्यांच्या थोडी वर वाळू म्हणजे सिलिका, बाकी मुख्यतः सोडा आणि चुना. खिडकीची काचही साधारण हीच. या काचेचे दोन स्वभाव लक्षात ठेवा.

पहिला स्वभाव: ही काच उष्णता पुढे ढकलत नाही. ॲल्युमिनियमच्या पातेल्याचं बूड तापलं की कडेला हात लावता येत नाही. काचेत उष्णता जिथे लागली तिथेच बसून राहते. तापलेला भाग फुगायला बघतो, शेजारचा थंड भाग त्याला फुगू देत नाही, आणि या ओढाताणीत काच तडकते. आकड्यात सांगायचं तर एका अंशाच्या फरकाला साधारण ०.८ मेगापास्कल ताण. पन्नास-साठ अंशांचा फरक एकदम पडला की ताण चाळीस-पन्नास मेगापास्कलच्या घरात जातो, आणि रोजच्या वापरातल्या, ओरखडे पडलेल्या काचेला तेवढा पुरतो.

दुसरा स्वभाव: काच तिच्या सर्वात वाईट ओरखड्याइतकीच मजबूत असते. १९२१ साली ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज इंजिनिअरचा याच विषयावरचा निबंध रॉयल सोसायटीने छापला. नुकतेच ओढलेले काचेचे बारीक तंतू नेहमीच्या काचेपेक्षा कितीतरी पट मजबूत का असतात, याचा शोध त्याने घेतला. उत्तर निघालं की काच मुळात कमकुवत नाहीच. तिच्या पृष्ठभागावरच्या, डोळ्याला न दिसणाऱ्या भेगांच्या टोकाशी ताण एकवटतो आणि तिथून ती उलगडत जाते. प्लॅस्टिकच्या पुडीला कडेला खाच असेल तर ती तिथूनच फाटते, तसंच.

आता हे दोन्ही एकत्र करा. आपण बाटली कापतो म्हणजे काय करतो? तिच्या अंगावर मुद्दाम ओरखड्यांनी भरलेली एक नवी गोल कड तयार करतो. कारखान्याने दिलेलं तोंड जाड आणि आगीत गुळगुळीत झालेलं असतं, ते कापून टाकतो आणि त्याच्या जागी भेगांचं कुंपण उभं करतो. म्हणून पुढची सगळी मेहनत ही कड परत शहाणी करण्याची आहे.

कारखाने पण ग्लास कापतातच

हा काही यूट्यूबने लावलेला शोध नाही. फुंकून केलेल्या काचेच्या भांड्याला वर एक टोपीसारखा जादा भाग राहतो. कारखान्यात तिथे बारीक ओरखडा काढतात, ज्योतीने तापवतात, टोपी सुटून येते. मग कड घासतात आणि शेवटी आगीवर किंचित वितळवून गोल करतात. नंतर ते भांडं लांबलचक भट्टीतून हळूहळू थंड होत बाहेर येतं, म्हणजे आतला ताण निघून जातो.

आपल्याकडे महाराष्ट्रात या धंद्याला जुना इतिहास आहे. लोकांकडून एकेक पैसा गोळा करून उभ्या राहिलेल्या पैसा फंडाचा काच कारखाना तळेगावला १९०८ साली सुरू झाला. कराडजवळच्या ओगलेवाडीत १९१६ साली ओगले काच कारखाना निघाला, आणि तिथला प्रभाकर कंदील घराघरात गेला. जुन्या घराच्या माळ्यावर अजून एखादा सापडेल. त्याच्या काचेची वरची कड बोटाने चाचपून बघा. वारा अडवणारी आणि ज्योतीची धग सोसणारी ती पातळ काच, पण कड कुठेही हाताला लागत नाही. आपल्याला तिथपर्यंत पोचायचंय, फरक इतकाच की घरी भट्टी नाही.

"गॅसच्या टॉर्चने कड वितळवली तर?" असं बरेच जण विचारतात. घरी करू नका. कड लाल होते तेव्हा खाली दोन बोटांवरची काच थंडच असते. ताण आत कोंडून राहतो. ग्लास त्याच दिवशी फुटला तर नशीब, कारण काही वेळा तो आठवड्याने कपाटात आपोआप फुटतो. ताण काढायला पूर्ण ग्लास साधारण साडेपाचशे अंशांवर नेऊन हळूहळू खाली आणावा लागतो. ते मातीकाम करणाऱ्यांच्या कंट्रोलर लावलेल्या भट्टीत जमेल, गॅसच्या शेगडीवर नाही. आपण कड थंडपणेच घासायची.

कुठली बाटली कापायची आणि कुठली नाही

सरळ उभ्या अंगाची वाइनची बाटली नवशिक्यासाठी सगळ्यात बरी. ७५० मिलीच्या बाटलीचा घेर ग्लासला बरोबर बसतो. तळापासून अकरा-बारा सेंटिमीटरवर कापली की साधारण ३०० मिलीचा ग्लास होतो. ३३० मिलीची छोटी बाटली नऊ-दहा सेंटिमीटरवर कापली तर सरबताचा २०० मिलीचा छान ग्लास मिळतो. चौकोनी बाटल्या, नक्षी असलेल्या बाटल्या नंतर. चौकोनात कोपऱ्याला आणि बाजूला काच सारख्या जाडीची नसते, त्यामुळे प्रत्येक कोपऱ्यावर कपचा उडतो.

बाटली उजेडात धरून फिरवा. दोन उभ्या रेषा दिसतील. साचा दोन अर्धांचा असतो, त्याचे हे सांधे. भिंतीची जाडी सगळीकडे सारखी नसते हेही दिसेल. जिथे कापायचं तिथे उठावाची अक्षरं, बुडबुडा किंवा जुना ओरखडा असेल तर ती बाटली फुलदाणीसाठी ठेवा.

आता न कापायच्या बाटल्या. फिनेल, ॲसिड, औषधं, कीटकनाशकं यांची बाटली कितीही धुतली तरी पिण्यासाठी नाही. बाहेरून रंगात छापलेली नक्षी असेल आणि ती कडेपर्यंत येत असेल तर तीही नको. काचेवर भाजून बसवलेल्या जुन्या रंगांमध्ये शिसं असू शकतं, आणि आपण नेमकं तेच घासून पावडर करणार. कडक केलेली म्हणजे टफन्ड काच तर कापता येतच नाही. तिच्या पृष्ठभागात दाब आणि पोटात ताण कोंडलेला असतो, ब्लेड आत शिरली की सगळी काच एकदम भुगा होते. बाटल्या सहसा टफन्ड नसतात, पण काही ग्लास आणि बरण्या असतात. शंका आली तर लॅपटॉपच्या एलसीडी स्क्रीनवर पांढरं पान उघडा, वस्तू समोर धरा आणि पोलराइज्ड गॉगल डोळ्याला लावून हळूहळू तिरका करत बघा. रंगाचे पट्टे किंवा ढग दिसले तर आत ताण आहे. बाजूला ठेवा.

आणि एक यादी अशी, जिथे कापता येतं पण कापू नये. बिअरच्या बऱ्याच बाटल्या भंगारवाल्याकडून परत कंपनीकडे जातात, धुतल्या जातात, पुन्हा भरल्या जातात. गोळी सोड्याची बाटली तर पुन्हा पुन्हा भरण्यासाठीच बनलेली. हायरम कॉड नावाच्या इंग्रजाने १८७२ साली तिचं पेटंट घेतलं, आणि आपल्याकडे ती अजून कामावर आहे. कामावर असलेल्याला निवृत्त करू नका. परत भरली जाणारी बाटली आहे तशीच परत गेलेली बरी. ज्या परत जात नाहीत, बहुतेक वाइनच्या, परदेशातून कुणी आणलेल्या, त्या कापा.

आपण यातून पर्यावरण वाचवतोय असंही फार म्हणू नका. फुटक्या काचेची भट्टीत पुन्हा काच होतेच, आणि दर दहा टक्के जुनी काच घातली की भट्टीची ऊर्जा अडीच-तीन टक्क्यांनी कमी लागते. तिलाही आपली काच हवीच असते. आपण ग्लास करतो कारण आपल्याला करायला आवडतं आणि वस्तू देखणी होते. तेवढं कारण पुरे आहे.

मशीन

दोऱ्याची पद्धत मी का सांगत नाही, ते आता तुम्हीच सांगाल. पेटलेला दोरा काचेचा रुंद पट्टा तापवतो. भेगेला त्या पट्ट्यात कुठूनही जायची मोकळीक मिळते, आणि ती जाते. काचेच्या कटरने एक ओरखडा काढून त्यावर आळीपाळीने गरम आणि थंड पाणी सोडायची पद्धत याहून खूप बरी, कारण भेगेला वाट आखून दिलेली असते. तिथे नियम एकच: ओरखडा एकदाच काढायचा, त्याच रेषेवरून परत कटर फिरवायचा नाही. पण आपला विषय मशीन आहे.

टाइल बसवणाऱ्यांकडे हातातला मार्बल कटर असतो, चार इंची. त्याची ब्लेड मिनिटाला सुमारे १२ हजार फेरे घेते. ११० मिलिमीटरच्या ब्लेडला हे लावलं तर ब्लेडची कड ताशी जवळपास २५० किलोमीटर वेगाने पळते. चार इंची ग्राइंडरचं गणित २०० च्या आसपास येतं. एका हातात असं मशीन आणि दुसऱ्या हातात गोल, गुळगुळीत, ओली बाटली? कृपया नको. मार्बल कटर उलटा करून टेबलाला क्लॅम्प लावायचा जुगाडही नको. त्याचं कव्हर आणि स्विच त्या वापरासाठी केलेलेच नाहीत.

मी ज्याची शिफारस करते ते म्हणजे टेबलवर ठेवायचं, पाण्याचा ट्रे असलेलं टाइल कापायचं मशीन. ब्लेड सात इंची, म्हणजे १८० मिलिमीटर, आणि फेरे मिनिटाला तीन हजारांच्या आसपास. कडेचा वेग ताशी शंभर किलोमीटर. म्हणजे अर्ध्याहून कमी. शिवाय मशीन जागेवर आणि दोन्ही हात बाटलीवर. ब्लेडचा खालचा भाग ट्रेमधल्या पाण्यात बुडलेला असतो, तीच पाणी वर घेऊन येते. विकत घ्यायलाच हवं असं नाही, ओळखीच्या टाइलवाल्याकडे किंवा एखाद्या मेकर स्पेसमध्ये असतं.

दुकानात ब्लेड मागताना "सिरॅमिक टाइलची डायमंड ब्लेड, कडेला खाचा नसलेली" असं सांगा. खाचांची ब्लेड दगड-काँक्रीटसाठी असते. प्रत्येक खाच काचेला एक ठोसा देते, आणि ठोसा म्हणजे कपचा. आणि मुळात ही ब्लेड करवतीसारखी कापत नाही. तिच्या कडेला हिऱ्याचे कण असतात, ते काच घासतात. म्हणून घाई करून उपयोग नाही, दाबलं की फक्त उष्णता वाढते. पाणी तीन कामं करतं: थंड ठेवतं, चिखल बाहेर काढतं आणि धूळ हवेत जाऊ देत नाही.

सुरू करण्याआधी

पाणी आणि वीज शेजारी शेजारी आहेत. सॉकेटच्या लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे का बघा. नसेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा, मग मशीन चालू करा. वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन मग वर जाऊ द्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी गळतं, सॉकेटमध्ये शिरत नाही.

डोळ्याला बाजूंनी बंद असलेला गॉगल. नेहमीचा चष्मा चालत नाही. तोंडाला एन-९५ मास्क. बाटलीच्या काचेतली सिलिका वाळूसारखी स्फटिकरूप नसते. त्यामुळे गुजरातेत खंबातच्या अकीक घासणाऱ्या कारागिरांना ज्या सिलिकोसिसने गाठलं, तो धोका इथे तसाच्या तसा नाही. पण काचेची बारीक धूळ डोळ्याला, घशाला, फुफ्फुसाला त्रास देतेच, आणि कोरडं कापलं की ती अख्ख्या घरात जाते. म्हणून कोरडं कापायचं नाही, कधीच नाही. पायात बंद बूट. ओढणी, सैल बाही, गळ्यातलं काही, मोकळे केस नकोत. विणलेले सुती हातमोजे फिरत्या ब्लेडजवळ नकोत, धागा अडकला की हात ओढला जातो. घट्ट, पातळ रबरी चालतील.

आणि सोसायटीत राहत असाल तर दुपारी एक ते चार सोडून. मी पुण्यात राहते, याहून जास्त सांगायला नको.

कापणं

बाटली आदल्या रात्री कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून भिजवा, लेबल निघून येतं. डिंक राहिला तर खोबरेल तेल चोळून दहा मिनिटं ठेवा, मग साबण.

लाकडाचा व्ही आकाराचा पाळणा करा. दोन पट्ट्या काटकोनात जोडल्या की झाला. बाटली त्यात आडवी झोपेल आणि ब्लेडशी बरोबर काटकोन करेल असा तो मशीनवर पक्का बसवा. तळाच्या बाजूला एक ठोकळा लावा. बाटलीचा तळ त्याला कायम टेकलेला राहिला की कट सुरू झाला तिथेच येऊन मिळतो. टेकू नसेल तर कट स्क्रूच्या आट्यासारखा सरकतो. पाळणा ब्लेडच्या दोन्ही बाजूंना हवा, म्हणजे शेवटी मानेचा भाग खाली पडत नाही. जिथे कापायचं तिथे मास्किंग टेपचे दोन फेरे द्या.

टेबलच्या वर ब्लेड इतकीच काढा की भिंतीतून जेमतेम आरपार जाईल. आपल्याला बाटली काकडीसारखी चिरायची नाही, तिची भिंत गोल फिरवत सोडवायची आहे. ब्लेडची वरची कड तुमच्याकडे येत असते, ती बाटलीला तुमच्याकडे ओढायला बघते. म्हणून बाटली उलट फिरवायची, खालचा पृष्ठभाग तुमच्यापासून दूर जाईल अशी. म्हणजे ब्लेड आणि काच एकमेकांना विरोध करतात आणि ताबा तुमच्याकडे राहतो.

पहिला फेरा फक्त मिलिमीटरभर खोल. दुसऱ्या फेऱ्याला आणखी थोडं, तिसऱ्या-चौथ्याला आरपार. आवाज ऐका. एकसारखी सळसळ चालू असेल तर ठीक. आवाज चिरका झाला म्हणजे पाणी कमी पडतंय किंवा तुम्ही दाबताय. शेवटचे दोन सेंटिमीटर सगळ्यात हळू, कारण मान सुटताना तिच्या वजनाने तिथेच कपचा उडतो. मशीन बंद करा, ब्लेड पूर्ण थांबू द्या, मग ग्लास उचला.

कड

आता खरं काम. यात चार टप्पे आहेत.

पहिला, सपाट करणं. खिडकीच्या जाड काचेचा तुकडा किंवा गुळगुळीत ग्रॅनाइट टाइल घ्या. त्यावर ८० नंबरची सिलिकॉन कार्बाइड पावडर चमचाभर, थोडं पाणी, आणि ग्लास उपडा धरून इंग्रजी आठच्या आकारात फिरवा. सगळी कड एकसारखी धुरकट दिसली की सपाट झाली. कुठे चमक राहिली तर तिथे खड्डा आहे.

दुसरा, नंबर चढवणं. ८० नंतर १२०, मग २२०, ४००, ६००. पावडर नसेल तर वॉटर पेपर काचेवर ओला करून चिकटवा. प्रत्येक नंबरचं काम एकच, आधीच्या नंबरचे ओरखडे काढणं. मधला नंबर गाळला तर खोल ओरखडे तसेच खाली राहतात आणि वर नुसती चकाकी येते. ग्रिफिथ आठवा, भेग दिसत नाही म्हणून ती नाही असं नसतं. युक्ती सोपी आहे. नंबर बदलण्याआधी कडेवर परमनंट मार्करने काळा रंग फासा. नवीन नंबरने घासून खोलगट ओरखड्यातला काळा रंगही गेला तर पुढे चला. आणि नंबर बदलताना ग्लास, काच, हात, सगळं धुवा. ८० चा एक कण ४०० मध्ये आला की मागची मेहनत पाण्यात.

तिसरा, कोन मारणं. हाच टप्पा व्हिडिओत नसतो. सपाट कडेला दोन धारा असतात, एक बाहेरची, एक आतली. दोन्ही धारा तिरक्या घासून मोडायच्या, साधारण अर्धा ते एक मिलिमीटर. बाहेरची हातात पेपर धरून होते. आतली सगळे विसरतात, आणि पिताना वरचा ओठ नेमका तिथेच टेकतो. लाकडाच्या गोल दांडीला ओला पेपर गुंडाळून आतून फिरवा. मग ४०० आणि ६०० ने कोन, माथा, कोन असं एकत्र गोलाई देत या.

चौथा, चमक. ग्रॅनाइट पॉलिशवाल्यांची ओली डायमंड पॅड हजाराच्या पुढच्या नंबरांत मिळतात. अगदी आरसा हवा तर सीरियम ऑक्साइड आणि नमद्याची चकती. पण हे हौशीसाठी. ६०० नंबरची नीट केलेली दुधाळ कड ओठाला पूर्ण सुरक्षित असते.

तपासणी

आम्ही कोड लोकांपर्यंत पाठवण्याआधी टेस्ट लावतो. ग्लासालाही चार टेस्ट.

एक, कापूस. कोरड्या कडेवरून आतून, बाहेरून, वरून कापूस फिरवा. एकही धागा अडकता कामा नये. बोटाने तपासू नका. बोट कापलं तर वाईट, आणि कामाने निबर झालेल्या बोटाला कळलं नाही तर आणखी वाईट.

दोन, उजेड. अंधारात मोबाइलचा टॉर्च तळातून लावा. कडेपासून खाली उतरणारी चमकणारी रेघ दिसली तर तो तडा आहे. थोडाच असेल तर त्याच्या खालपर्यंत कड घासून काढा, ग्लास थोडा बुटका होईल. लांब असेल तर ग्लास बाद.

तीन, आवाज. माठ घेताना वाजवून बघतो तसं चमच्याने हलकेच वाजवा. खणखणीत आला तर ठीक, बद्द आला तर कुठेतरी तडा आहे.

चार, पाणी. साध्या पाण्याने भरून रात्रभर ठेवा. पाण्याच्या सान्निध्यात काचेतली भेग हळूहळू वाढते, त्यामुळे दुबळा ग्लास सकाळपर्यंत गळून ओळख देण्याची शक्यता असते. सकाळी पुन्हा उजेडाची टेस्ट. त्यानंतरच साबणाने स्वच्छ धुवून वापरात.

चारपैकी एकीतही नापास झाला तर तो पेनस्टँड. "एवढी मेहनत घेतली, राहू दे, आपल्यापुरता वापरू" हे नको. घरात मुलं असतात, रात्री अंधारात कुणी पाणी प्यायला उठतं, त्यांना तुमचा "आपल्यापुरता" कुठला ते माहीत नसतं.

हे मी इतकं ठासून सांगते त्याचं कारण आमच्या घरातच आहे. माझ्या आजोबांचा हात थोडा थरथरतो. स्टीलचा हलका पेला त्यांच्या हातून डचमळतो. वाइनच्या बाटलीचा तळ जड असतो, मधे खोलगट असतो. त्यामुळे हा ग्लास टेबलावर ठाम बसतो आणि हातात धरल्यावर वजन कळतं. त्यांना तो आवडला, रोज त्यातूनच पाणी पितात. थरथरत्या हाताने ग्लास ओठाला टेकतो तो अलगद नाही टेकत, आपटतो. तेव्हा ती कड कशी असायला हवी, याबद्दल माझ्या मनात काही तडजोड राहिली नाही.

तुमचे प्रश्न

"यात चहा चालेल का?" नाही. कटिंग चहाचा ग्लास वेगळा आणि कटिंग केलेला ग्लास वेगळा! चहाचा ग्लास बऱ्यापैकी पातळ असतो, आत-बाहेर पटकन सारखा तापतो. बाटलीची भिंत जाड-पातळ, तळ तर खूपच जाड. नव्वद अंशांचा चहा पंचवीस अंशांच्या ग्लासात म्हणजे पासष्ट अंशांचा फरक. मगाचचं गणित लावा, पन्नास मेगापास्कलच्या वर गेलो. थंड आणि साधं पाणी, ताक, सरबत, एवढंच. फ्रीझर, मायक्रोवेव्ह, डिशवॉशर नाही.

"उरलेल्या चिखलाचं काय?" सिंकमध्ये ओतू नका. काचेचा गाळ पाइपच्या वळणात बसतो आणि घट्ट होतो. बादलीत रात्रभर राहू द्या, वरचं निवळ पाणी ओता, खालचा गाळ वाळवून जाड कागदात बांधा.

"फुटलेले तुकडे?" वर्तमानपत्राच्या तीन-चार घड्या, मग खोका, चिकटपट्टी आणि वर मोठ्या अक्षरात "काच". कचरा हाताने वेगळा करणाऱ्या ताईंच्या हातांत ते जाणार आहे. आपण गॉगल, मास्क, बूट घालून काम केलं आणि त्यांना उघड्या पिशवीत काच दिली, तर आपली सगळी सुरक्षितता आपल्यापुरतीच होती असं म्हणावं लागेल.

"कॅफेला विकायचे आहेत, दिवसाला किती होतील?" कापून तीस होतील. चारही टेस्ट लावून सहा-सात. कॅफेवाल्याला सहा-सातचाच शब्द द्या, आणि तिथे भांडी गरम पाण्याच्या मशीनमध्ये धुतात का ते आधी विचारा. धुत असतील तर ऑर्डर घेऊ नका.

चला, आजच्यासाठी इतकंच. पुढच्या भागात याच बाटल्यांच्या उरलेल्या माना घेऊन बसूया, त्यांचे दिव्याचे शेड छान होतात आणि तिथे ओठाचा प्रश्न नाही. तुम्ही ग्लास केलात तर मला पूर्ण ग्लासचा फोटो नको, कडेचा जवळून काढलेला पाठवा. भेटू!